अंतःस्रावी ग्रंथी आणि आपले कौटुंबिक कर्तव्य
(टिटवाळा येथे आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर संतचरित्रे, शिक्षणाचे महत्त्व, हुंड्याची अनिष्ट चाल इत्यादी विषयांवर पुष्कळ व्याख्याने झाली. यंदा कार्यकारिणीने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही आरोग्याचा आणि त्यातही काहीसा अपरिचित असा विषय मुद्दाम निवडला. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून ज्याने आयुष्यभर मुलांना अंकगणित व भाषा शिकविली, अशा शिक्षकाने या विषयात शिरावे हे कित्येकांना धाडसाचे वाटेल. परंतु कठीण गोष्ट सोपी करून सांगणे हाच शिक्षकाचा धंदा होय. तेवढ्याच अधिकाराने आम्ही बोलणार आहोत. औषध कोणते व किती घ्यावे हे सांगणे आमचे काम नव्हे. ते ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांस विचारावे.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या मंडळाचे वधूवर सूचक रजिस्टर चाळताना उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी, रास, नाडी हे सर्व रकाने भरलेले दिसतात. परंतु ज्या व्याधींमुळे पुढे दोन्ही घरांत कटुता येते त्यांविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. थायरॉईड, मधुमेह, मासिक धर्माची अनियमितता या तिन्ही तक्रारी आज घरोघर आहेत, आणि तिन्हींचे मूळ एकाच जागी, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींच्या कारभारात आहे. तो कारभार समजला तर भीती निम्मी कमी होईल, व लपवाछपवीही कमी होईल, अशी आम्हांस आशा वाटते.

आता ग्रंथी म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात दोन जातींच्या ग्रंथी आहेत. लाळेच्या व घामाच्या ग्रंथींना नळी असते. त्यांचा रस त्या नळीवाटे ठरलेल्या जागी जातो. दुसऱ्या जातीच्या ग्रंथींना नळी नसते. त्यांचा रस सरळ रक्तात मिसळतो. या रसास संप्रेरक अथवा हॉर्मोन म्हणतात. १९०२ साली इंग्लंडमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी असा पहिला रस प्रयोगाने सिद्ध केला, आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चालना देणे असा आहे; आपला ‘संप्रेरक’ शब्दही तेच सांगतो.

रक्त तर सर्व शरीरात फिरते. मग हा रस नेमक्या अवयवावरच परिणाम कसा करतो? शाळेतील घंटेचे उदाहरण घ्यावे. शिपाई घंटा एकच देतो व ती साऱ्या शाळेला ऐकू जाते. परंतु दोन टोल पडले की ज्या वर्गाचा खेळाचा तास असेल तोच वर्ग मैदानावर जातो. इतर आपापल्या पुस्तकांत डोके घालून बसतात. त्याचप्रमाणे प्रत्येक संप्रेरकाची हाक ओळखणाऱ्या पेशी ठरलेल्या असतात. बाकीच्या पेशींना ती हाक ऐकू येऊनही तिचा अर्थ लागत नाही.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिला पीयूष ग्रंथी म्हणतात. हिला या शाळेची मुख्याध्यापिकाच म्हणावे. गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, नीट काम करते की नाही यावर तिचे लक्ष असते. अवटू ग्रंथी मंदावली की पीयूष ग्रंथी आपला हुकूम अधिक मोठ्याने सोडते. या हुकमालाच रक्ततपासणीच्या कागदावर टीएसएच असे लिहिलेले असते. पुष्कळ माणसे हा आकडा वाढलेला पाहून ‘थायरॉईड वाढला’ असे म्हणतात. वस्तुतः बहुधा अर्थ उलट असतो. हुकूम मोठा झाला याचा अर्थ काम करणारा मंदावला. आणि ग्रंथी अतोनात काम करू लागली तर हुकूम जवळजवळ बंद होतो, म्हणजे आकडा खाली जातो. एवढी एक गोष्ट ध्यानी ठेवली तरी तपासणीचा कागद हाती आल्यावर होणारा निम्मा गोंधळ टळेल.

अवटू ग्रंथी मंदावली म्हणजे माणूस सुस्त होतो, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतो, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, वजन वाढते, मासिक धर्माचे चक्र बिघडते, विसराळूपणा येतो. घरातील सुनेला ‘आळशी’ हे विशेषण लावण्यापूर्वी एकदा तिच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी, अशी सासूबाईंना आमची नम्र विनंती आहे. ग्रंथी अतिरेक करू लागली म्हणजे याच्या उलट प्रकार होतो: छाती धडधडते, हात थरथरतात, भरपूर खाऊनही वजन घटते, घाम फार येतो, काहींचे डोळे बटबटीत दिसू लागतात.

या ग्रंथीस आपला रस तयार करण्यासाठी आयोडीन हे द्रव्य लागते, आणि ते शरीरात निर्माण होत नाही. अन्नातूनच मिळवावे लागते. प्रौढ माणसाची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी कमी आहे. परंतु तेवढे न मिळाल्यास गळ्याशी गलगंड वाढतो, आणि गर्भवतीस न मिळाल्यास पोटातील बाळाच्या बुद्धीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात एक मोठा प्रयोग आरंभिला. काही भागांतील लोकांस आयोडीनयुक्त मीठ व एका भागातील लोकांस साधे मीठ देण्यात आले. काही वर्षांनी पाहता आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड पुष्कळच ओसरला होता. त्याच सुमारास, १९६२ साली, केंद्र सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढच्या सर्वेक्षणांत असे आढळले की ही उणीव केवळ हिमालयापुरती नसून देशातील कोणतेही राज्य तिच्यातून सुटलेले नाही. २००६ सालापासून थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

येथे आपणां ठाणे जिल्ह्यातील लोकांचा एक गोड गैरसमज दूर केला पाहिजे. भाईंदर, भांडूप, मुलुंड या बाजूंच्या मिठागरांचे खडे मीठ आपल्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या खाल्ले. ‘समुद्राचे मीठ आहे, त्यात आयोडीन असणारच’ असे कित्येक भगिनी आजही म्हणतात. परंतु समुद्राच्या पाण्यापासून उन्हात पिकविलेल्या मिठात आयोडीन नाममात्र उरते. ते मागाहून मिसळावे लागते, तेव्हाच पिशवीवर तसे छापतात. लोणच्यासाठी खडे मीठ जरूर वापरावे. रोजच्या भाजी-आमटीसाठी मात्र आयोडीनयुक्त मीठच घ्यावे व ते झाकणाच्या बरणीत, ओलाव्यापासून दूर ठेवावे. मीठ अधिक खावे असा याचा अर्थ कोणी करू नये. आहे तेवढेच, किंबहुना थोडे कमी, परंतु योग्य मीठ खावे.

तरीही आज आपल्या घरांतून दिसणारा थायरॉईडचा विकार बहुधा मिठाच्या उणिवेचा नसतो. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला करते, आणि असे स्त्रियांत अधिक घडते. यावर रोज सकाळी अनशापोटी एक लहान गोळी घ्यावयाची असते. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची वा कॅल्शियमची गोळी असेल तर ती चार तासांच्या अंतराने. ‘एकदा गोळी लागली की सवय लागते’ अशी भीती पुष्कळांस वाटते. ही गोळी व्यसन लावीत नाही; ग्रंथी जे देत नाही तेच ती देते. चष्मा लावल्याने डोळ्यांस चष्म्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही. तसेच हे होय.

या बाबतीत आपल्या मुंबईने मोठे काम केले आहे. १९५६ साली तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा अणू म्हणजे केवळ बॉम्ब अशी सामान्य माणसाची समजूत होती. परंतु १९६३ साली परळ येथे अणुशक्ती खात्याचे विकिरण वैद्यक केंद्र स्थापन झाले, आणि किरणोत्सारी आयोडीन वापरून थायरॉईडची परीक्षा व उपचार तेथे होऊ लागले. युक्ती फार सोपी आहे: अवटू ग्रंथी आयोडीन ओढून घेते, तर तिला किरणोत्सारी आयोडीनच पाजावे, म्हणजे औषध आपोआप नेमक्या ठिकाणी पोचते व शस्त्रावाचून काम होते. त्याच परळात केईएम रुग्णालयात अंतःस्रावी विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. टिटवाळ्याहून लोकल गाडीत बसणाऱ्या माणसास हे सर्व दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे, याची जाणीव आपल्यापैकी कितीजणांस आहे?

नवजात अर्भकांविषयी एक शब्द बोललेच पाहिजे. आपल्या देशात सुमारे हजार अर्भकांमागे एकास जन्मतःच अवटू ग्रंथीचा रस अपुरा असतो. बाळ दिसावयास निरोगी असते. उलट फार झोपते व रडत नाही म्हणून ‘किती शहाणे बाळ’ असे कौतुक होते. वास्तविक पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाला तर ते मूल इतरांसारखेच वाढते. महिने उलटले तर बुद्धीची जी हानी होते ती पुढे भरून येत नाही. टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन ही परीक्षा होते. प्रसूतीनंतर रुग्णालय सोडण्यापूर्वी ‘बाळाची थायरॉईडची तपासणी झाली का?’ एवढा प्रश्न आजोबा-आजींनी विचारावा. बारशाच्या खर्चापुढे या परीक्षेचा खर्च काहीच नव्हे.

आता मधुमेहाकडे वळू. आपल्या आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले व त्यांत मधुमेहाची गणना केली. रोग जुनाच आहे. पोटात जठरामागे असलेल्या स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचे संप्रेरक निघते. अन्नातील साखर रक्तातून पेशींत शिरण्यासाठी ते किल्लीचे काम करते. लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारात किल्ली तयारच होत नाही. प्रौढपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात किल्ली असते परंतु कुलूप गंजलेले असते. पहिल्या प्रकारात इन्सुलिनची टोचणी हाच एक उपाय आहे. १९२१ सालापर्यंत तोही नव्हता. अशी मुले काही महिन्यांत झिजून जात. त्या वर्षी कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. शोधकर्त्यांनी त्याचे हक्क विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. विद्यादानाची परंपरा सांगणाऱ्या आपण भारतीयांनी या उदाहरणास वंदन केले पाहिजे.

आमच्या अध्यापनकाळात सहावीच्या वर्गातील एक मुलगा वरचेवर पाणी पिण्यास व लघवीस जाण्याची परवानगी मागे. काही जणांस ती पळवाट वाटे. घरच्यांनी ‘अंगात उष्णता आहे’ म्हणून सब्जा दिला. महिन्याभरात तो वाळला आणि एके दिवशी बेशुद्धावस्थेत रुग्णालयात न्यावा लागला. तेथे पहिल्या प्रकारचा मधुमेह निघाला. उपचार वेळेवर मिळाले म्हणून तो वाचला. आज तो नोकरी करतो, संसार करतो, रोज इन्सुलिन घेतो. फार तहान, फार लघवी, भूक असूनही वजन घटणे ही तीन लक्षणे मुलात दिसली तर त्याच दिवशी साखर तपासावी. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

दुसऱ्या प्रकाराबाबत पुण्यात झालेले संशोधन आपल्या घरांशी थेट संबंधित आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास चालविला. तेथील बाळाचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळाचे ३.५ किलो. परंतु आपले बाळ हडकुळे दिसत असले तरी कमी पडले होते ते स्नायू. चरबी बहुतांशी टिकून होती. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सारांश, ‘आमचा मुलगा सडपातळ आहे, त्यास कसला मधुमेह?’ हे म्हणणे आपणां लोकांस लागू पडत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पोटाचा घेर, चालण्याचा अभाव आणि गर्भवती मातेचे पोषण या तिन्हींकडे लक्ष पुरविल्याखेरीज हा आकडा थांबणार नाही.

आपण ज्या गावी जमलो आहोत तेथे महागणपतीचे स्थान आहे, तेव्हा मोदकाचा प्रश्न टाळता येणार नाही. मोदक हे विष नव्हे. परंतु ‘गुळाचा आहे, साखरेचा नाही’ ही पळवाट खरी नव्हे. रक्तातील साखर गूळही वाढवितो. मधुमेही भाविकाने एक मोदक भाताऐवजी, जेवणाच्या हिशेबात धरून खावा. पाच नैवेद्याचे व पाच आग्रहाचे असे खाऊ नयेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट उपासाची. संकष्टीस चंद्रोदयापर्यंत निरंकार राहणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. जे इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेतात त्यांची साखर दिवसा एकाएकी खाली जाऊन घेरी येऊ शकते, आणि रात्री साबुदाण्याच्या खिचडीने ती एकाएकी वर जाते. अशांनी डॉक्टरांस विचारल्याखेरीज उपास करू नये. गणपती ही बुद्धीची देवता आहे. बुद्धीने वागणाऱ्या भक्तावर तो रागावणार नाही.

आता ज्यासाठी हे सर्व सांगितले त्या मुद्द्याकडे येतो. आमच्या ऐकण्यात आलेली एक हकीकत आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या एका मुलीचे लग्न माहेरच्यांनी ती गोष्ट न सांगता केले. नव्या घरात सर्वांच्या देखत सुई घेता येईना. तिने एक दिवस टाळले, दोन दिवस टाळले, आणि तिसऱ्या दिवशी तिला अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात न्यावे लागले. ती वाचली. सासरचे म्हणाले, ‘आधी सांगितले असते तर?’ माहेरचे म्हणाले, ‘सांगितले असते तर तुम्ही होकार दिला असता का?’ या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आपणां सर्वांस द्यावयाचे आहे, कारण लपविणारे जितके दोषी तितकेच लपविणे भाग पाडणारेही दोषी आहेत.

थोडा हिशेब पाहू. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाने आजारी असलेल्या आईच्या वा बापाच्या शंभर मुलांपैकी फार तर सात-आठांस तो होण्याचा संभव असतो. आईकडून तर याहूनही कमी. याउलट दुसऱ्या प्रकारचा मधुमेह घराण्यात पुष्कळच बळकटपणे उतरतो. तथापि वराच्या वडिलांची साखर किती, हे कोणी विचारीत नाही. वधू थायरॉईडची एक गोळी घेते म्हणून मात्र स्थळ परत जाते. मासिक धर्म अनियमित असलेल्या मुलीविषयी तर ‘हिला मूल होणार नाही’ असा निवाडा शेजारणीच देतात. बीजांडकोशाच्या या विकारात वजन, व्यायाम व औषधोपचार यांनी पुष्कळ सुधारणा होते, आणि अशा बहुसंख्य स्त्रियांस मातृत्व लाभते. थायरॉईडची गोळी नियमित घेणारी, साखर ताब्यात ठेवणारी स्त्री डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुखरूप प्रसूत होते. न्याय करावयाचा तर दोन्ही पक्षांस एकच माप लावावे.

रजिस्टरात आजाराचा रकाना घालावा अशी सूचना काही सभासदांनी पूर्वी केली होती. आम्हांस ती पसंत नाही. छापलेले अक्षर शंभर घरांत जाते आणि जिचे लग्न ठरावयाचे तिची शंभर ठिकाणी चर्चा होते. आमची सूचना वेगळी आहे. बोलणी पुढे जाऊन साखरपुड्याचा विचार होऊ लागला म्हणजे, त्यापूर्वी, मुलाने व मुलीने स्वतः एकमेकांस आपली प्रकृती, चालू औषधे व घराण्यातील व्याधी सांगाव्यात. वाटल्यास दोघांनी मिळून एका डॉक्टरास भेटावे. ऐकणाऱ्याने नकार दिला तरी ऐकलेले बाहेर बोलू नये. हा नियम मुलास व मुलीस सारखाच असावा.

दुसरी सूचना पैशाची. इन्सुलिन, सुया व साखर मोजण्याच्या पट्ट्या यांचा खर्च दरमहा, जन्मभर असतो. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून अशा मुलांसाठी वेगळी रक्कम काढावी, आणि घेणाऱ्याचे नाव अहवालात छापू नये. तिसरी सूचना अशी की पुढील संमेलनात सत्काराच्या शालीश्रीफळांचा खर्च आवरून रक्तातील साखरेच्या तपासणीची सोय करावी.

शेवटी एक इशारा. सांधेदुखीवर व दम्यावर दोन दिवसांत उतार देणाऱ्या बेनामी पुड्या बाजारात मिळतात. त्यांपैकी कित्येकांत स्टिरॉइड मिसळलेले असते. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी असाच रस तयार करीत असतात. बाहेरून तो मिळत राहिला की त्या काम सोडून देतात. मग पुडी एकाएकी बंद केली म्हणजे माणूस कोसळतो. तसेच ‘इन्सुलिन सोडा, आमचा काढा घ्या’ असे सांगणाऱ्याच्या नादी लागून मुलाचे इन्सुलिन कोणी बंद केले तर ते मूल काही दिवसांत दगावू शकते. आयुर्वेदाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु नाव नसलेली पुडी म्हणजे आयुर्वेद नव्हे.

बंधू-भगिनींनो, आपली ज्ञाती लहान आहे. येथे प्रत्येकजण प्रत्येकास ओळखतो. त्यामुळेच आजार लपविण्याचा मोह होतो, आणि त्यामुळेच एकमेकांच्या उपयोगी पडणेही सोपे जाते. या दोहोंपैकी कोणता मार्ग धरावयाचा हे आपल्या हाती आहे.